दक्षिणेचा दरवाजा

देवळीच्या बाजाररस्त्यावरच्या बँकेत शिरलात की पलीकडच्या भिंतीवर गृहकर्जाची एक मोठी जाहिरात दिसेल. नवरा, बायको, दोन मुलं, आपल्या नव्या घराच्या दारात हसत उभी. त्या कागदाच्या मागे प्लायवूड आहे आणि प्लायवूडच्या मागे मी आहे. तुम्ही ज्याला भिंत समजून पाठ टेकता, तो मी या इमारतीचा दरवाजा. आतून झाकलेला, बाहेरून कुलूप लावलेला. ऐकू मात्र दोन्हीकडचं येतं.

मला बसवलं ते नानाजींनी. सरकी-ढेपेचा त्यांचा व्यापार होता. रस्त्याला लागून गोदाम आणि पुढे दुकान असं त्यांनी बांधायला काढलं, तेव्हा कोणीतरी त्यांना टोकलं की दक्षिणेला तोंड करून दुकान काढू नये. नानाजी तेव्हा तरणेबांड होते. म्हणाले, "गिऱ्हाईक रस्त्यानं येते. दिशेनं नाई येत." रस्ता दक्षिणेला होता, म्हणून मीही दक्षिणेला उघडलो. एवढीच माझी कुंडली.

गिऱ्हाईक आलंही भरपूर. नानाजींनी रस्त्यापलीकडे आणखी मोठं दुकान बांधलं आणि ही जागा बँकेला भाड्याने दिली. ढेपेच्या वासाची मला सवय होती, ती जाऊन नव्या नोटांच्या आणि फिनाईलच्या वासाची सवय झाली. माणसं बँकेत शिरताना जरा अंग चोरून शिरतात, हे मी तेव्हा शिकलो. दुकानात ताठ मानेने येणारा माणूस इथे चप्पल काढावी की नाही, या विचारात माझ्यापाशी थबकायचा.

मोहिनी कधीच थबकली नाही. ती इथे क्लार्क म्हणून लागली तेव्हा चोवीस-पंचवीसची असेल. गावातलीच पोरगी, आई अनुसयाबाई घरी शिवणकाम करायची. एका हातात डबा, दुसऱ्या हातात हेल्मेट, म्हणून मला ती कोपराने ढकलायची. मी भिंतीवर आपटलो की आतले लोक समजायचे, मोहिनी आली. सकाळी रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या तिच्याच खिडकीपुढे गर्दी करायच्या, कारण ती त्यांच्यावर ओरडत असली तरी काम करून द्यायची.

मग एके दिवशी ती आली नाही. स्कूटीवरून वर्ध्याला जाताना मागून ट्रकने उडवलं, असं सुरक्षारक्षक महादेवराव पानवाल्याला सांगत होता. कंबरेखालचं गेलं. दीड-दोन वर्षं ती दवाखान्यात आणि घरात होती. मोहिनी परत कामावर येईल, असं शाखेत कोणालाच वाटत नव्हतं. ती आली, चाकाच्या खुर्चीत.

तेव्हा माझ्यापुढे दोन पायऱ्या होत्या. महादेवराव आणि पानवाल्याने खुर्ची उचलली. ती मान खाली घालून आत गेली. नानाजी पलीकडच्या दुकानातून पाहत होते. रविवारी त्यांनी बँकेला न विचारता मिस्त्री लावला आणि पायऱ्यांवर सिमेंटचा उतार घालून घेतला. त्या वेळच्या मॅनेजरने परवानगीचं काढलं तर नानाजी म्हणाले, "लेकीबाळीले पोत्यासारखी उचलता काय रोज?"

नानाजींचं ते बोलणं मला अजून आठवतं. माणूस एकदा चांगला वागला की त्याच्याकडून आपण पुढेही तसंच धरून चालतो. ती चूक माझी.

त्या उताराने पुष्कळांची सोय झाली. वॉकर घेऊन चालणाऱ्या आनंदाबाई, गुडघे धरून येणारे पेन्शनवाले, कडेवर पोर घेतलेल्या बाया. मोहिनी सकाळी उताराच्या टोकाशी आली की महादेवराव माझी दोन्ही दारं उघडून धरायचा. तो म्हणायचा, "या बाई," आणि ती म्हणायची, "आली काका." बस. पुढची काही वर्षं माझा दिवस रोज असाच सुरू झाला.

त्या वर्षांत शाखेचे दिवस मात्र बरे नव्हते. एका मॅनेजरला कुठल्याशा भानगडीत निलंबित केलं. त्याच्या जागी आलेल्याला केबिनमध्येच हृदयविकाराचा झटका आला. माझ्यातूनच त्याला स्ट्रेचरवर बाहेर नेलं. तो वाचला, पण परत आला नाही. त्यानंतर आले प्रफुल्ल नाकाडे साहेब, नागपूरचे. हळू बोलणारे, पापभीरू गृहस्थ. दर शनिवारी दुपारनंतर घाईने नागपूरला पळायचे आणि सोमवारी सुजलेले डोळे घेऊन यायचे. कारण कोणाला सांगत नसत.

एका सोमवारी ते एकटे आले नाहीत. बरोबर धनंजयजी होते, नागपूरचे वास्तुतज्ज्ञ. कडक इस्त्रीचा झब्बा, हातात मोबाईल आणि मोबाईलमध्ये होकायंत्र. त्यांनी सगळी शाखा फिरून पाहिली. तिजोरीची खोली नैऋत्येला आहे, हे ठीक म्हणाले. पाण्याची टाकी आग्नेयेला आहे, हे अगदी वाईट म्हणाले. रोखपालाचं तोंड उत्तरेला हवं, कुबेराकडे. साहेबांचंही उत्तरेला. मग ते बाहेर येऊन माझ्यापुढे उभे राहिले आणि बराच वेळ नुसती मान हलवत राहिले.

"साहेब, ये दरवाजा नहीं, घाव है," ते म्हणाले. "दक्षिण म्हणजे यमाची दिशा. त्यात हा उतार पण दक्षिणेला. लक्ष्मी आत येते आणि घसरत बाहेर निघून जाते. माणसं पण."

नाकाडे साहेबांचा चेहरा 'माणसं पण' या शब्दांवर उतरला. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

उपाय सोपा होता. मला बंद करायचं आणि ईशान्येच्या कोपऱ्यात, मागच्या गल्लीत, नवं दार काढायचं. गल्ली खाली होती, म्हणून तीन पायऱ्या लागणार होत्या. धनंजयजी म्हणाले, फार उत्तम, पायऱ्या विषम असाव्यात. उतारासाठी तिथे जागा नव्हती. समोरच नाली होती.

मोहिनी आपल्या खिडकीत बसून हे ऐकत होती. आधी ती हसली. मग तिने विचारलं, "सर, मग मी कुठून येऊ?"

"व्यवस्था करू ना मॅडम," साहेब म्हणाले.

घरमालकाची संमती लागणार होती. मला नानाजींचा भरवसा होता. ते येऊन केबिनमध्ये बसले. साहेबांनी सांगितलं की करार संपत आलाय, दार बदललं नाही तर शाखा दुसऱ्या जागेत न्यावी असं वर कळवावं लागेल. नानाजी आता सत्तरीला आले होते, दुकान मुलांच्या हातात गेलं होतं आणि भाडं तेवढं त्यांच्या हातात उरलं होतं. त्यांनी चहा संपवला. निघताना म्हणाले, "तुमच्या मनाले शांती भेटत असन तर करा बाप्पा."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. बाहेर पडले ते उतारावरूनच. त्यांचेही गुडघे दुखायला लागले होते.

काम झालं. प्लायवूड ठोकताना एकेक खिळा माझ्या अंगात आला. आत जे घडलं ते ऐकून मात्र मला हसू येत होतं. सगळ्यांची तोंडं उत्तरेला केल्यामुळे अर्ध्या कर्मचाऱ्यांची पाठ ग्राहकांकडे झाली. लोक पाठीशी बोलायचे आणि पाठ त्यांना उद्या या म्हणायची.

आणि मोहिनी? व्यवस्था झाली म्हणजे काय, तर महादेवराव आणि चहावाला रोज सकाळी तिला तीन पायऱ्या उचलून नेऊ लागले, संध्याकाळी उतरवू लागले. मधल्या वेळात ती बाहेर पडायची नाही. स्वच्छतागृह बाहेर, म्हणून चहा सोडला, पाणी कमी केलं. खुर्चीसकट हवेत असताना ती डोळे मिटून घेते, असं महादेवराव एकदा पानवाल्याला सांगत होता. पानाचं दुकान माझ्या बाजूलाच आहे, म्हणून गल्लीतलं सगळं मला महादेवरावाच्याच तोंडून कळायचं.

तिचं पडणंही त्यानेच सांगितलं. नाली तुंबून पायऱ्यांवर पाणी आलं होतं. वरचा दगड गुळगुळीत. चहावाल्याची चप्पल सरकली, खुर्ची कलली आणि मोहिनी मधल्या पायरीवर तोंडावर पडली. समोर रांग उभी होती. तिचा कुर्ता वर गेला होता आणि हात खाली अडकला होता, त्यामुळे तिला तो नीट करता येईना. आनंदाबाई वॉकर सोडून खाली बसल्या आणि त्यांनी तो ओढून दिला. हाड मोडलं नाही. तिला उचलताना रांगेतून कोणीतरी म्हणालं, "ईशान्येलेच पडली, चांगलंच होईन." चार माणसं हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बाहेरची कडी वाजली.

कितीतरी दिवसांनी वाजली. मोहिनी उतारावरून स्वतः चाकं ढकलत वर आली होती. मांडीवर डबा. आत फोन करून तिने सांगितलं की मी ड्युटीवर हजर आहे, दार उघडा. आणि बसली. लोक जमले. कोणी फोटो काढले. पानवाल्याने तिला छत्री आणून दिली. मार्चचं ऊन होतं.

नाकाडे साहेब गल्लीतून वळसा घालून आले. "मॅडम, असं रस्त्यावर बसू नका," ते म्हणाले.

"मी रस्त्यावर नाही, सर. बँकेच्या दारात आहे."

त्यांनी लोकांना जायला सांगितलं. लोक चार पावलं मागे सरले. मग साहेब चक्क उताराच्या कडेवर बसले, तिच्या चाकाशेजारी, आणि खालच्या आवाजात बोलायला लागले. त्यांच्या पत्नीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. या शाखेत येणाऱ्या माणसाचं काही ना काही होतंच, असं त्यांना पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगितलं होतं.

"तुमचं चुकतंय असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "पण जो जे सांगेल ते मी करतोय. नवस केले, अंगठी घातली, घरातला पलंग फिरवला. उद्या हे दार उघडलं आणि तिला काही झालं, तर मी स्वतःला काय सांगू?"

मोहिनीने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. साहेबांशी ती नेहमी ऑफिसातलं मराठी बोलायची. आता मात्र ती घरच्या बोलीत बोलली.

"सर, मी वर्ध्याले चालली होती. देवळीहून वर्धा ईशान्येले आहे. ईशान्येलेच तोंड होतं माह्यं, तेव्हा मागून ट्रक आला."

साहेब उठले. पँट झटकली. वळसा घालून आत गेले आणि केबिनचं दार लावून घेतलं.

मला वाटलं, आता उघडतील. त्या दुपारभर मी वाट पाहिली. मोहिनीने तिथेच डबा खाल्ला.

दार उघडलं नाही, चौकशी आली. वरून दोन अधिकारी गाडीतून उतरले. त्यांनी महादेवरावाला बसवून विचारलं. त्याने जबाब दिला की मॅडमना रोज मानाने आत नेलं जायचं, कधी हयगय झाली नाही आणि त्या दिवशी मॅडमच घाई करत होत्या. मोहिनी समोरच बसली होती, हे त्यानेच पुढे पानवाल्याला सांगितलं. तिने मान वर केली, पण तिच्या नजरेला नजर द्यायला तो तिकडे पाहतच नव्हता.

संध्याकाळी तो तिच्याजवळ आला. "बाई, माह्यी दोनच वर्षं राह्यली नोकरीची. लेकीचं लग्न आहे. सही केली मी."

"काका, तुम्ही रोज उचललं मले," ती म्हणाली. "राग नाई धरत मी. पण आता माह्यापुढे येऊ नका."

महिन्याभरात तिची बदली झाली, नागपूरच्या वाटेवरच्या सिंदी रेल्वे गावाला. तिथली शाखा जमिनीला टेकलेली आहे, एकही पायरी नाही, म्हणून आपल्या सोयीसाठी, असं आदेशात होतं. देवळीहून रोज सिंदी करणं धडधाकट माणसालाही जड. अनुसयाबाईंनी शिवणयंत्र टेम्पोत चढवलं, उरलेली गिऱ्हाइकं शेजारणीला दिली, आणि मायलेकी गाव सोडून गेल्या. टेम्पो माझ्यासमोरूनच गेला. मोहिनीने या बाजूला पाहिलं नाही. काय म्हणून पाहावं? तिच्यासाठी मी उघडलो नव्हतो.

त्यानंतर उतार फोडला. आता गरज नव्हती ना.

आणि मग शाखेची भरभराट झाली. हे सांगताना माझ्या बिजागऱ्या आजही कुरकुरतात. त्या वर्षी गावातल्या दुसऱ्या बँकेचं विलीनीकरण झालं, तिची शाखा बंद झाली आणि तिचे सगळे खातेदार इकडे आले. शेंबड्या पोरालाही हे कळत होतं. तरी वर्धा जिल्ह्यात आपली शाखा पहिली आल्यावर सत्कार झाला तो धनंजयजींचा. शाल, नारळ, टाळ्या. त्यांनी भाषणात सांगितलं की एक दरवाजा बंद केला की काय होतं ते पाहा. टाळ्यांचा आवाज प्लायवूडमधून आत येऊन माझ्या फळ्यांत घुमला.

त्याच हिवाळ्यात नाकाडे साहेबांच्या पत्नी गेल्या. दारं बदलून झाली होती, तोंडं फिरवून झाली होती, उतार फोडून झाला होता. आता हे कोणत्या दिशेने आलं, असं मात्र कोणी विचारलं नाही. एक कर्मचारी दुसऱ्याला म्हणाला, "घरची वास्तू वेगळी असते."

साहेब तेराव्यानंतर कामावर आले. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत जाहिरातीच्या कागदाला पाठ टेकून ते महादेवरावाशी बोलत होते. "मोहिनी मॅडम नागपूरला भेटायला आल्या होत्या," ते म्हणाले. "सिंदीहून रेल्वेने, आईला घेऊन. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. वर कळवलंही नाही त्यांनी. खाली गेटजवळ बसून राहिल्या. वॉचमनने सांगितलं तेव्हा मी उतरलो."

"काय म्हणाल्या?" महादेवरावाने विचारलं.

"काहीच नाही. मी रडत होतो, त्या बसून होत्या. मग गाडीची वेळ झाली."

महादेवरावाने नाक पुसलं. साहेबांचा तळहात प्लायवूडवर टेकलेला मला जाणवला. पुढे बढती होऊन ते पुण्याला गेले, पण जाताना नव्या मॅनेजरला निक्षून सांगून गेले की ते दार उघडा, मी बंद केलं ते चुकलं.

नव्या मॅनेजर अंकिता मॅडम. तरुण, हुशार. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सुतार बोलावला. एका कोपऱ्याचे खिळे निघाले आणि बोटभर उजेड माझ्या आतल्या अंगावर पडला. कितीतरी वर्षांनी. तेवढ्यात शाखेतले लोक भोवती जमले. मॅडम, शाखा एक नंबरवर आहे. उद्या आकडे खाली आले तर नाव तुमचं होईल. नानाजींना बोलावलं. काठी टेकत आले आणि म्हणाले, "चालून राह्यलं ते चालू द्या, मॅडम. कायले हात लावता?"

अंकिता मॅडमचा दिशांवर विश्वास नाही. त्या तसं म्हणाल्याही. आणि सुताराला म्हणाल्या, ठोकून टाका.

ज्याने भीतीपोटी मला बंद केलं, तो मला उघडा म्हणून गेला. ज्यांना भीतीच नाही, त्यांनी बंद ठेवलं. याला काय म्हणायचं ते तुम्ही शिकलेले लोक सांगा.

आता माझ्या बाहेर केळीवाला बसतो. फोडलेल्या उताराच्या ढिगावर त्याच्या टोपल्या. आनंदाबाई अजून येतात, पण गल्लीत खालीच उभ्या राहतात. त्यांचं पासबुक कोणीतरी आत नेतं, आणि आतून एक कर्मचारी पायरीवर येऊन मोठ्याने त्यांची शिल्लक सांगतो. सगळी गल्ली ऐकते.

मला उघडा असं मी आता म्हणत नाही. ते म्हणायचा माझा हुरूप त्या खिळ्यांबरोबर गेला. एवढंच करा, मला इथून काढा. चौकटीसकट उपटा आणि विकून टाका. शाळेला लावा, गिरणीला लावा, गाईच्या गोठ्याला लावा. तोंड कुठेही करा, पूर्वेला करा नाहीतर दक्षिणेलाच करा, मला त्याचं काही नाही. फक्त एक करा, खाली उंबरठा ठेवू नका.